सावली नसलेला ढग

आमच्या ऑफिसात तिला सगळे ढगताई म्हणायचे. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते वाचायला कोण जातो! तिचं काम ढग काढायचं. उपग्रह दर पाच दिवसांनी आमच्या डोक्यावरून जातो आणि जमिनीचे फोटो काढतो. त्या फोटोंवरून आम्ही नकाशे करतो. कुठं झाडी, कुठं शेत, कुठं पाणी, कुठं वस्ती, कुठं उघडी जमीन, आणि मागच्या वर्षापासून त्यात काय बदललं, हे सगळं त्यात येतं. अडचण एवढीच की मध्ये ढग येतात आणि ढगाखालचं काही दिसत नाही. मग तो ढग कापून काढायचा आणि त्या भोकात आधीच्या एखाद्या स्वच्छ दिवसाचा तुकडा बसवायचा, विजारीला ठिगळ लावतात तसा. बरेचसे ढग कॉम्प्युटर आपणहून ओळखतो. त्याच्या नजरेतून सुटतात ते ढगताई माउसनं कडा ओढून काढायची. अकरा वर्षं तिनं हेच केलं.

आणि मी तिचं काम तपासायचो. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढं सांगायचा धीर होईल की नाही ठाऊक नाही. प्रत्येक नकाशाखाली दोन सह्या असतात, एक करणाऱ्याची आणि एक तपासणाऱ्याची. दुसरी माझी.

ढगताई भित्री होती. थोडीथोडकी नाही, चांगली पोटभर भित्री. लिफ्टमध्ये पाऊल ठेवायची नाही, चार मजले चढून यायची आणि धापा टाकत खुर्चीत बसायची. घरून निघाल्यावर अर्ध्या वाटेतून गॅस बंद केलाय का बघायला परत जायची. मोठ्या साहेबांनी बोलावलं की आधी दोन घोट पाणी प्यायची. रस्ता ओलांडताना कुणाचा तरी हात धरायची, ओळखीचा असो वा नसो. मी तिला म्हणायचो, “ताई, भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. तुमच्यापाठी त्याचं अख्खं खानदान लागलंय.” ती हसायची, पण हसतानासुद्धा दाराकडे बघून घ्यायची, कुणी ऐकलं का ते.

मी तिच्या अगदी उलट. निदान ऑफिसात तशी ख्याती होती. साहेबांना तोंडावर बोलणारा मी एकटाच. बैठकीत कुणी फालतू बोललं की मी खुर्ची मागं ढकलून उठायचो. लोक म्हणायचे, हा कुणाच्या बापाला घाबरत नाही. मलाही ते खरं वाटायचं.

आमच्या कामाचा एक नियम आहे. शंका आली की ढग समजायचं. एखादा पांढरा डाग ढग आहे की आणखी काही, हे कळत नसेल तर काढून टाकायचा आणि जुना तुकडा बसवायचा. चुकीचं काही दाखवण्यापेक्षा जुनं दाखवलेलं बरं, असा त्यामागचा हिशेब. ढगताईला हा नियम फार आवडायचा. तिच्यासाठीच केला असावा इतका तो तिला शोभायचा. शंका तर तिला प्रत्येकच गोष्टीची यायची.

तिला एक धाकटी बहीण होती. आईवडील लवकर गेले, तेव्हा ढगताई सतरा वर्षांची होती आणि धाकटी नऊ. तिला हिनंच वाढवलं. गंमत अशी की वाढवणारी भित्री आणि वाढलेली बिनधास्त. ताईनं सगळी भीती स्वतःकडे ठेवून घेतली आणि बहिणीच्या वाट्याला काहीच उरू दिली नाही. धाकटी शिवणकाम करायची, नवऱ्याचं टायरचं दुकान होतं, दोन मुलं होती. आमच्या ऑफिसपासून बसनं चार तासांवर, एका टेकडीच्या पायथ्याशी अकरा घरांची नवी रांग झाली होती. त्यातलं चौथं घर त्यांनी तीन वर्षांपूर्वी घेतलं.

घेण्याआधी तिनं ताईला फोन केला होता. मी शेजारच्याच खुर्चीत होतो. ताईनं फोन कानाशी धरून पडद्यावर त्या भागाचा नकाशा उघडला. आमचाच नकाशा, आमच्याच दोन सह्यांचा. रांगेच्या वर सगळं हिरवंगार.

“वर झाडी आहे गं,” ताई म्हणाली. “दाट आहे. माती धरून ठेवेल. घे निर्धास्तपणे.”

ढगताईच्या तोंडून निर्धास्त हा शब्द मी तेवढा एकदाच ऐकला.

यंदा मोठ्या साहेबांच्या डोक्यात आलं की ढगांमुळे आमचं किती काम अडतं ते वरच्यांना दाखवायचं, म्हणजे ढगांच्या आरपार बघणारे महागडे फोटो मागता येतील. त्यांनी ढगताईला सांगितलं, चार वर्षांचे सगळे फोटो घ्या आणि जमिनीच्या प्रत्येक तुकड्यावर किती वेळा ढग होता ते मोजा. जिथं जास्त ढग तिथं गडद रंग, कमी तिथं फिका. साधं काम. कॉम्प्युटरनं एका सकाळी ते करून दिलं.

ती चित्र बघत बसली. डोंगरांवर जरा गडद, मैदानात फिकं, असं अपेक्षेप्रमाणेच होतं. फक्त एका जागी एक काळा ठिपका होता, शाई सांडल्यासारखा.

“भाऊ, हे बघा ना,” ती म्हणाली. “दोनशे नव्वदपैकी दोनशे नव्वद वेळा इथं ढग.”

मी म्हणालो, “त्याला जागा आवडली असेल. कायमचा राहायला आला.”

ती हसली नाही. तिनं मूळ फोटो एकेक करून उघडले. उन्हाळ्यातले, थंडीतले, आकाश लख्ख असलेल्या दिवसांचे. प्रत्येकात त्याच जागी तो पांढरा डाग होता. बाकी कुठं ढगाचं नावही नाही आणि हा एकटाच बसलेला. मग तिनं फोटो मोठा केला आणि डागाच्या एका बाजूला बोट नेलं. ढग जमिनीच्या वर असतो, त्यामुळे त्याच्यापासून थोड्या अंतरावर त्याची सावली पडते. आम्ही ढग ओळखतो तो अर्धा सावलीवरूनच.

“भाऊ,” ती हळू म्हणाली, “ह्या ढगाला सावली नाहीये.”

म्हणजे तो ढग नव्हताच, जमिनीवरच काहीतरी पांढरं पसरलं होतं. खोटं कशाला सांगू, पहिली भीती मला जमिनीवरच्या कुणाची वाटली नाही, माझ्या सहीची वाटली. चार वर्षांपूर्वी तपासणीत हाच चौकोन माझ्यापुढं आला होता. मी मूळ फोटो उघडला होता, पांढरा डाग पाहिला होता, आणि ताईनं त्याला ढग म्हणून खूण केली आहे हे बघून डबा खायला उठलो होतो.

ढगताईनं त्या फोटोवर रस्ते टाकले, मग घरं. डागाच्या खालच्या अंगाला लाल रंगाच्या अकरा बारीक चौकोनांची एक रांग उमटली. तिनं ती ओळखली. मी तिचा चेहरा बघितला आणि मला वाटलं ती आता खुर्चीतून खाली पडणार.

“मी सांगितलं होतं तिला. झाडी आहे म्हणून. मीच सांगितलं.”

ती झाडी सहा वर्षांपूर्वीची होती. दर पाच दिवसांनी आम्ही पांढरा डाग कापत होतो आणि त्या जागी जुनी झाडी चिकटवत होतो. टेकडीच्या मागच्या बाजूला दगड कापायचे कारखाने आहेत. कापताना पाणी मारतात, त्यातून पिठासारखा पांढरा चिखल निघतो. तो ट्रकमधून टेकडीवर नेऊन एका खळग्यात ओतत होते. खळगा भरला, मग मातीचा बांध घालून आणखी ओतला. समोर झाडांची एक ओळ शिल्लक ठेवली होती, त्यामुळे खालच्या वस्तीतून काही दिसत नव्हतं. दिसलं असतं ते फक्त वरून. आणि वरून बघणारे आम्ही.

दुपारभर ती मोजत होती. चार वर्षांत डाग दसपट झाला होता. त्याची खालची कड घरांकडे सरकत होती. बांधाच्या आत पाणी साठल्याची काळी रेघ ताज्या फोटोत दिसत होती. बांधापासून पहिल्या घरापर्यंत अंतर एकशे ऐंशी मीटर, आणि सगळा उतार.

आम्ही मोठ्या साहेबांकडे गेलो. ढगताई त्या दिवशी पाणी न पिता गेली. साहेब माणूस वाईट नाही, पण त्यांना प्रत्येक गोष्ट रांगेत उभी राहिलेली आवडते. त्यांनी चष्मा काढला, फोटो बघितले, म्हणाले, “गंभीर आहे. पण नकाशा मंजूर झालेला आहे. जागेवर जाऊन खात्री केल्याशिवाय आपणच आपला नकाशा खोटा कसा म्हणायचा? पाहणीची माणसं तीन आठवड्यांनी मोकळी होतील.”

“तीन आठवडे?” ढगताई म्हणाली. “साहेब, खाली माणसं आहेत.”

“म्हणूनच नीट करू या. घाईत आणखी चूक नको.”

साहेबांना तोंडावर बोलणारा मी शेजारीच उभा होतो. मी माझ्या बुटांकडे बघत होतो.

बाहेर आल्यावर तिनं जागेवर बसून आपत्ती विभागाला पत्र लिहिलं. नकाशा चुकीचा आहे, चूक माझी आहे, वर चिखलाचा तलाव आहे, खालच्या लोकांना हलवा. खाली तिनं स्वतःचं नाव लिहिलं. तपासणाऱ्याच्या जागेपाशी तिची बोटं थांबली.

“भाऊ, तुमचं नाव घालू?”

“आत्ता नको,” मी म्हणालो. “आधी खात्री होऊ दे.”

तिनं मान हलवली आणि ती जागा मोकळी सोडली. मला सुटल्यासारखं वाटलं. त्या वाटण्याची आज शिसारी येते, पण वाटलं होतं हे खरं.

आपत्ती विभागाचं उत्तर तासाभरात आलं. पत्र मिळालं, योग्य ती कार्यवाही होईल. मग तिनं धाकटीला फोन लावला. आवाज मोठा ठेवला होता, बहुतेक एकटीनं ऐकायची हिंमत नसावी.

“ताई, गॅस बघून आलीस ना आज?” धाकटीनं पहिलं तेच विचारलं आणि खळखळून हसली.

ताईनं सांगितलं. म्हणजे निम्मं सांगितलं. वर चिखल आहे, बांध फुटेल, मुलांना घेऊन निघ. स्वतःची चूक तेवढी तिच्या घशातच राहिली.

“अगं, मागं शाळेची सहल जाणार होती तेव्हा बस उलटेल म्हणालीस. उलटली? दाराला दोन कड्या लाव म्हणालीस, लावल्या. आता टेकडी पडणार! ताई, तुझं नेहमीचंच आहे. वर झाडं आहेत, मला खिडकीतून दिसतात.”

ढगताईनं फोन ठेवला. “आयुष्यभर घाबरले ना भाऊ,” ती म्हणाली, “म्हणून आता कुणी विश्वास ठेवत नाही.” मग म्हणाली, “मी उद्या जाते तिकडे. तुम्ही याल? एकटीनं मला जमायचं नाही.”

मी हो म्हणालो. मदत करायची होतीच. पण ती तिथं कुणाकुणाची नावं घेते, हेही मला बघायचं होतं.

शनिवारी सकाळच्या बसनं निघालो. ढगताईनं पुढच्या सीटचा दांडा चार तास सोडला नाही. धाकटीचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत शिवणयंत्र, त्याच्यावर अर्धा शिवलेला शाळेचा सदरा, भिंतीवर मुलांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा. धाकटीनं चहा टाकला. तिचा नवरा दुकानातून आला, हात काळे, तसेच पाठीमागं धरून उभा राहिला.

तो म्हणाला, “ताई, वर जाऊन बघू या ना. बोलत कशाला बसायचं?”

ढगताईला उंचीची भीती. खुर्चीवर चढून बल्ब बदलायची नाही ती बाई त्या टेकडीवर चढली. वाट निसरडी होती. मी पुढं, ती मध्ये, नवरा मागं. तिचा श्वास मला ऐकू येत होता, मधूनमधून ती काहीतरी पुटपुटत होती, पावलं मोजत असावी. झाडांची ओळ ओलांडली आणि आम्ही तिघेही थांबलो.

समोर पांढरा मैदानासारखा पसारा होता, अख्खी शाळा मावेल एवढा. वरचा थर वाळून त्याला भेगा पडल्या होत्या, मध्यभागी दुधट पाणी साचलं होतं. आवाज कसलाच नव्हता. पक्षीसुद्धा नाही. बांध म्हणजे मातीचा ढिगारा होता आणि त्याच्या बाहेरच्या अंगातून एके ठिकाणी पाण्याची धार पाझरत होती, करंगळीएवढी. ढगताई ती धार बघत राहिली. मीही.

“एवढंच ना?” धाकटीचा नवरा म्हणाला. “वाळलाय की. कारखान्यानं बांधपण घातलाय. इतकी वर्षं राहिलाय, आता काय होणार?”

मला तेव्हा कळलं की डोळ्यांनी बघून भीती वाटतेच असं नाही. ज्याचं घर खाली आहे त्याला ती वाटून घ्यायचीच नसते.

खाली आलो तोवर रांगेतली माणसं धाकटीच्या दारात जमली होती. कोपऱ्यातल्या घरातली शिक्षिका, दोघे भाऊ, एक गरोदर बाई, शेवटच्या घरातला नळ दुरुस्त करणारा. शिक्षिकेच्या हातात प्लॅस्टिकमध्ये घातलेला घरांच्या मंजुरीचा कागद होता. त्यावर नकाशा होता. तिनं बोट ठेवून दाखवलं. “हे बघा, वर झाडी. सरकारी नकाशा आहे. तो काय खोटा?”

ढगताई भिंतीला टेकून उभी होती. तिचा रंग उडाला होता. तिनं पदर मुठीत घट्ट धरला होता. एवढ्या माणसांपुढं ती आयुष्यात कधी बोलली नव्हती.

“खोटाच आहे,” ती म्हणाली. “मी केलाय तो. मीच.”

तिनं सांगितलं. ढग, ठिगळ, शंका आली की ढग, सगळं. आवाज चिरकत होता, मध्ये दोनदा थांबली, पण पूर्ण सांगितलं. मग धाकटीकडे वळली.

“तू मला फोन केलास तेव्हा मी हाच नकाशा बघून सांगितलं. मी तिथला चिखल पुसला होता आणि तुला झाडी दाखवली. मी घाबरट आहे म्हणून नाही सांगत गं आज. माझी चूक झालीय म्हणून सांगतेय. चल इथून.”

धाकटीच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. तिनं ताईकडे असं बघितलं की मला तिथं उभं राहवेना.

“तू म्हणालीस म्हणून घेतलं मी घर,” ती म्हणाली. “तू एवढी घाबरणारी. तूसुद्धा घे म्हणालीस, म्हणजे काहीच भीती नाही, असं वाटलं मला.”

ती आत गेली. आम्हाला वाटलं रडायला गेली. ती मुलांचे कपडे पिशवीत भरत होती. पंधरा मिनिटांत बाहेर आली, ताईशी एक शब्द बोलली नाही, आणि शेजारच्या दारावर थाप मारून म्हणाली, “निघा. माझी बहीण स्वतःची चूक कबूल करतेय. खोटं बोलायचं असतं तर दुसऱ्याची सांगितली असती.”

मी बाहेर रस्त्यावर येऊन उभा राहिलो. ताईनं कुठंही माझं नाव घेतलं नव्हतं. “हे कोण?” असं कुणीतरी विचारलं तेव्हा ती “आमच्या ऑफिसातले” एवढंच म्हणाली होती.

शेवटच्या घराशी नळवाला पायरीवर बसला होता. साठीचा, एकटा, शांत माणूस. गुडघ्यावर एक जुना नळ घेऊन त्याचा वायसर बदलत होता. मला पाणी दिलं. मग म्हणाला, “बाई नेहमीच घाबरतात, धाकटी आम्हाला हसून सांगायची. चूक झाली म्हणतात, ते कदाचित जास्तच लावून घेतलं असेल मनाला. तुम्ही त्याच ऑफिसातले ना? तुम्ही घाबरलेले दिसत नाही. तुम्हाला काय वाटतं? निघू का मी?”

करंगळीएवढी धार माझ्या डोळ्यांपुढं होती. तोंड उघडलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, तुम्हाला कसं ठाऊक, तुमचं काम काय.

“जागेवर रीतसर पाहणी झाल्याशिवाय नक्की काही सांगता येत नाही,” मी म्हणालो.

त्यानं मान डोलावली. “मग होऊ दे पाहणी,” म्हणाला, आणि पुन्हा वायसरकडे वळला.

परतीच्या बसमध्ये ढगताई माझ्या शेजारी बसली होती. सोमवारी पुन्हा साहेबांकडे जायचं म्हणत होती. धाकटी नवऱ्याच्या मित्राकडे गेली होती, ताईच्या घरी यायला तिनं नकार दिला होता. ताई रडत होती, पण अधूनमधून म्हणायची, “निघाली ना पण. निघाली.” मी खिडकीबाहेर बघत होतो.

रविवारी पाऊस लागला तो बुधवारपर्यंत थांबला नाही. ढगताई ऑफिसात यायची, पडदा चालू करायची आणि हात मांडीवर ठेवून बसायची. त्या चार दिवसांत आमचा एकही नकाशा झाला नाही. ती आपत्ती विभागाला रोज फोन करायची, तिकडून रोज नवा माणूस बोलायचा. ती साहेबांकडे तीनदा गेली. तिसऱ्यांदा साहेबांनी पाहणी पुढच्या सोमवारवर आणली. दारावर थाप पडली की ती दचकायची, आणि आता मीही दचकायला लागलो होतो. अकराच्या अकरा घरं रिकामी झाली का, हे विचारायला माझी जीभ वळत नव्हती.

गुरुवारी ऊन पडलं. सकाळी सव्वादहाला बांध फुटला.

धाकटीच्या नवऱ्यानं फोन केला. अकराही घरं खिडकीपर्यंत पांढऱ्या चिखलात गेली होती, चौथं तर छपरापर्यंत. दहा घरं रिकामी होती. शेवटच्या घरातला नळवाला सापडला तो संध्याकाळी, स्वतःच्या पायरीपासून दोन हातांवर.

शुक्रवारी उपग्रह त्या भागावरून गेला. आकाश स्वच्छ होतं. ढगताईनं फोटो उघडला. टेकडीवरून पांढरी जीभ खाली आली होती आणि लाल चौकोन एकही दिसत नव्हता. तिनं माउस हातात घेतला, त्या पांढऱ्या भागाची कड ओढली, अगदी सावकाश, आणि त्याला ‘उघडी जमीन’ असं नाव दिलं. मग मान खाली घालून रडली.

चौकशी लागली. तिचं पत्र होतं, त्यामुळे तिचं नाव आधीच तिथं होतं. तिला कामावरून बाजूला केलं, पण रोज येऊन बसायला सांगितलं होतं. धाकटीनं एकदा फोन केला. फार बोलली नाही. मुलं बरी आहेत म्हणाली. आणि म्हणाली की नळवाल्याच्या दारात ती तीनदा गेली होती, पावसातसुद्धा. तो म्हणायचा, मी विचारून घेतलंय, अजून नक्की नाही.

त्यानंतर ढगताईला दुसरं काही सुचेना. “भाऊ, त्यानं कुणाला विचारलं असेल हो?” चहाच्या वेळी विचारायची. जिना उतरताना विचारायची. “कारखान्यातल्या कुणाला? का आपत्तीवाल्यांना? का मीच नीट सांगितलं नाही? माझा आवाज चिरकत होता. त्याला ऐकूच गेलं नसेल.” ती झोपत नव्हती हे दिसत होतं. मी दर वेळी म्हणायचो, “कुणास ठाऊक.”

चार दिवस मी असं म्हणालो. पाचव्या दिवशी ती म्हणाली, “मला वाटतं मीच मारलं त्याला,” आणि तेव्हा मला राहवलं नाही.

“मला विचारलं होतं त्यानं,” मी म्हणालो.

तिनं कप खाली ठेवला. “तुम्हाला? काय सांगितलंत?”

मी शब्द न् शब्द सांगितला. तिनं ओरडावं, साहेबांना बोलवावं, काहीही करावं, असं मला वाटत होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिनं बोलण्याआधी दाराकडे बघितलं नाही.

“बसमध्ये का नाही सांगितलंत मला?” ती म्हणाली. “चार तास शेजारी बसला होतात. मी उतरले असते. परत गेले असते त्याच्या दारात.”

ती गेली असती, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. शनिवार संध्याकाळ ते गुरुवार सकाळ एवढा वेळ होता. तिकडे जाणाऱ्या बसेस रोज दोन होत्या.